वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीची वायरिंग

प्रश्न : गाडी पंचवीस वर्षांची आहे. पार्किंग लाइटचा 10 अँपिअरचा फ्यूज अधूनमधून उडतो, बहुतेक वेळा डिकी उघडमीट केल्यावर. मेकॅनिकने 20 अँपिअरचा घातला, तेव्हापासून उडालेला नाही. चालेल का?

उत्तर : आधी तो 20 चा फ्यूज काढा. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, बल्बसाठी नाही. पार्किंगची वायर बारीक असते. शॉर्ट झाला की आता फ्यूजऐवजी ती वायरच तापेल, आणि शेजारच्या वायरींचं आवरणही वितळेल.

पार्किंगचे चार आणि नंबरप्लेटचे दोन, असे 5 वॅटचे सहा बल्ब धरले तर 30 वॅट होतात. डॅशबोर्डचे दिवे मिळवूनही प्रवाह तीन-साडेतीन अँपिअरच्या वर जात नाही. तेवढ्याने 10 चा फ्यूज उडणार नाही, म्हणजे वायर कुठेतरी उघडी पडून बॉडीला लागते आहे. डिकीचा उल्लेख तुम्ही स्वतःच केलात, तेव्हा पहिला संशय बिजागरीपाशी वाकणाऱ्या वायरींच्या जुडग्यावर.

नवनवे फ्यूज जाळत बसू नका. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी लावा. पार्किंगचे आणि नंबरप्लेटचे सगळे बल्ब होल्डरमधून काढून ठेवा आणि स्विच लावा. डॅशबोर्डच्या दिव्यांमुळे हा बल्ब जेमतेम मिणमिणेल, ते ठीक. झगझगीत पेटला तर शॉर्ट चालू आहे. कितीही शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो, त्यामुळे वायर न तापता शांतपणे शोधता येतं.

आता एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने वायरिंग हलवायचं. डिकीचं झाकण हळूहळू वरखाली करा, बिजागरीजवळचं जुडगं बोटांनी दाबा, वाकवा. बल्ब भपकन पेटेल किंवा विझेल त्या क्षणी तुमचा हात जिथे असेल तिथेच दोष आहे. तिथे काही सापडलं नाही तर मागच्या बाजूला जाणारा कनेक्टर सोडा. बल्ब विझला तर दोष कनेक्टरच्या पुढे, पेटलेलाच राहिला तर अलीकडे. पत्र्याच्या भोकातून वायरी जातात तिथलं रबरी ग्रोमेट कडक होऊन फाटलेलं असतं, तेही बघा.

दुरुस्तीच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. नुसती टेप गुंडाळू नका, उन्हात तिचा डिंक सुटतो. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक वायर जोडा आणि जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. सोल्डर करणार असाल तर जोड वाकण्याच्या जागी येऊ देऊ नका. सोल्डर झालेला भाग ताठ होतो आणि रोजच्या वाकण्याने वायर नेमकी त्याच्या कडेला तुटते.

प्रश्न : ब्रेक दाबला की एका बाजूचा इंडिकेटरही मिणमिणतो. बल्ब नवे आहेत.

उत्तर : बल्बचा दोष नाही, टेललॅम्पची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची वायर, गेली आहे. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या प्रवाहाला बॉडीत उतरायची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा निघतो.

मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक होल्डरच्या अर्थ पट्टीवर, दुसरं लांब वायर लावून बॅटरीच्या निगेटिव्हवर. ब्रेक दाबून वाचा. 0.2 व्होल्टपर्यंत हरकत नाही. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थचा स्क्रू काढा, पत्रा आणि वायरचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस लावा. ही तपासणी मीटर ओहमवर (रोध मोजायच्या सेटिंगवर) ठेवून करू नका. दहातली एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्याजवळच दाखवतो. दिवा पेटलेला असतानाच खरं काय ते कळतं.

प्रश्न : गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की 35 अँपिअर-अवरची बॅटरी उतरते. बॅटरी तपासली, चांगली आहे.

उत्तर : मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. दारं बंद, किल्ली काढलेली. स्टार्टर अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. अर्धा तास थांबून आकडा बघा. घड्याळ आणि रेडिओ धरून 50 मिलिअँपिअरच्या आत असायला हवा.

0.4 अँपिअरच्या जवळपास दिसलं तर डिकीतला किंवा ग्लोव्हबॉक्समधला 5 वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत असतो. दिवसाला सुमारे 10 अँपिअर-अवर, म्हणजे तुमचा हिशेब तंतोतंत जुळतो. काच हाताला गरम लागते का बघा (इतकं सोपं कारण सगळ्यात शेवटी तपासलं जातं). तसं नसेल तर एकेक फ्यूज उपसा. ज्याने आकडा कोसळेल त्या सर्किटमध्ये दोष. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर बॅटरीची केबल पूर्ण सोडून अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) जाड वायर काढा, तिच्या टोकाला टेप लावा आणि पुन्हा मोजा. आता आकडा पडला तर अल्टरनेटरचा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतो आहे.