लहान मुलाला यात्रेतल्या पाळण्यात बळेच बसवल्याने त्याची भीती जाते का?

आपला मुलगा सहा वर्षांचा आहे, बागेतल्या घसरगुंडीवरूनही तो जपून उतरतो आणि मे महिन्यात भावंडांसह खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जाण्याचे ठरले आहे. कोणत्या राईडपासून सुरुवात करावी, तो रडला तर काय करावे, आणि घरातील मोठी माणसे म्हणतात त्याप्रमाणे एकदा उचलून बसवले की भीती आपोआप सुटते हे खरे आहे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. पहिल्या दोहोंविषयी पुढे लिहिते, परंतु तिसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण आमच्या घरात त्यावरून वर्षानुवर्षे वाद चालू आहे. ते खरे नाही. उचलून बसवल्याने भीती सुटत नाही, आणि ज्याने उचलले त्याच्यावरचा मुलाचा विश्वास मात्र सुटतो.

नाशिकमध्ये जुन्या आग्रा रोडवर कालिकामातेची यात्रा नवरात्रात भरते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही सर्वजण, म्हणजे सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही तिघे, दर्शन घेऊन पाळण्यांकडे गेलो. माझी मुलगी छोट्या मोटारींच्या चक्रात आनंदाने बसली आणि मग आकाशपाळण्यासमोर बराच वेळ मान वर करून उभी राहिली. तो थांबवतो कोण, वरच्या माणसांना खालचे दिसते का, पाऊस आला तर काय करतात, असे प्रश्न ती एकामागून एक विचारत होती. प्रश्न विचारणारे मूल भीतीशी स्वतःच झगडत असते, आणि त्या वेळी त्याला केवळ उत्तरे आणि अवधी हवा असतो, असे माझे ठाम मत आहे. मी तिला उत्तरे देत असतानाच भाऊजींनी तिला मागून उचलले, "काही होत नाही गं" असे म्हणत पाळण्यात आपल्या शेजारी बसवले आणि दांडा लावला गेला. मी पुढे होईपर्यंत पाळणा वर निघाला होता.

आकाशपाळणा भरताना एकेक पाळणा खाली आणून थांबवतात, त्यामुळे आधी बसलेली माणसे टप्प्याटप्प्याने वर जातात आणि कोणीतरी अगदी माथ्यावर लोंबकळत राहते. मोठ्यांना हे माहीत असते. पाच वर्षांच्या मुलीला ते कोणी सांगितलेले नव्हते. तिचा पाळणा माथ्यावर थांबून हलू लागला तेव्हा तो बिघडला आहे आणि आता आपण खाली येणारच नाही, अशी तिची खात्री झाली. हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. खाली उतरली तेव्हा ती रडत नव्हती. तिचा फ्रॉक ओला झाला होता आणि ती भाऊजींकडे न बघता माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. "बघ, झाले का काही?" असे भाऊजी सर्वांसमोर म्हणाले, आणि ती ओरडली नाही यावरून तिची भीती मोडली असा त्यांनी निष्कर्ष काढला.

त्यानंतर ती बागेतल्या साध्या झोक्यावर बसेना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवीना आणि काकांच्या स्कूटरवर पूर्वी हट्टाने पुढे उभी राहणारी मुलगी त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातही जाईना. भीती मोडली असती तर यांपैकी काहीही झाले नसते.

भाऊजींचे म्हणणे मी येथे प्रामाणिकपणे मांडते, कारण आपल्या घरातही तेच बोलले जात असणार. त्यांचे पहिले म्हणणे असे की त्यांच्या दोन्ही मुलांना त्यांनी याच रीतीने बसवले आणि ती दोघेही हसत उतरली. उतरणारच होती, ती मुले मुळातच धीट आहेत, घरच्या गच्चीच्या कठड्यावर चढणारी आहेत. घाबरत नसलेल्या मुलाला बळेच बसवून घाबरणाऱ्या मुलाविषयी काहीही सिद्ध होत नाही. दुसरे म्हणणे असे की त्यांच्या पिढीला पंचवटीत गोदावरीच्या पाण्यात ढकलूनच पोहायला शिकवले आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. या दाखल्याचा तपशील मात्र ते नेहमी गाळतात. आमच्या सासूबाई सांगतात की त्या काळी शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा हवाबंद डबा बांधलेला असे, आधी पायरीवर बसून पाय बुडवण्यात कित्येक दिवस जात, आणि पाण्यात शिकवणारा माणूस हाताच्या अंतरावर उभा असे. ढकलले गेले ते या सगळ्यानंतर. पाळण्यात बसणाऱ्या घाबरट मुलालाही आधी पायरी आणि पाठीवरचा भोपळा हवा असतो. गोदाकाठच्या लोकांना जे कळत होते ते यात्रेतल्या गर्दीत विसरले जाते, एवढेच माझे गाऱ्हाणे आहे.

हे केवळ माझे म्हणणे नाही. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या एका लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला सशाची विलक्षण भीती वाटत असे. त्यांनी ससा त्याच्या अंगावर सोडला नाही. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला आणि त्याला सोसेल तसा जवळ आणत नेला, आणि शेवटी ते मूल सशाला हात लावू लागले. भीतीवरील उपचारांत आजही हीच वाट धरतात. वेग त्या मुलाच्या हाती असतो, आणि सारे गमक त्यातच आहे.

माझ्या मुलीच्या बाबतीत सुरुवात बागेतल्या झोक्यापासून झाली. पाय जमिनीला टेकलेले, दोर तिच्याच हातात, आणि थांबायचे तिने ठरवायचे. खरे वळण वणीच्या गडावर आले. सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, त्यामुळे सासूबाईंना गुडघेदुखीमुळे सोडून द्यावे लागलेले दर्शन पुन्हा शक्य झाले. आम्ही खालच्या स्थानकात बसून राहिलो. डबा दोरखंडाने ओढला जातो, एक वर जाताना दुसरा खाली येतो, वर गेलेली माणसे परत खाली येतात आणि हसत बाहेर पडतात, हे सर्व ती बघत होती. तिला घाई करायची नाही असे मी सर्वांना बजावले होते. पुढच्या डब्यात आजी चढू लागल्या तेव्हा तिने स्वतः त्यांचा हात धरला. ती वर पोहोचली तेव्हा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा तिच्या कोणत्याही बक्षिसाच्या वेळी वाटलेला नाही.

आता आपल्या सहलीविषयी. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने खोपोलीला जाताना कसारा घाट उतरावा लागतो आणि पहाटे उठवलेले, वळणांनी मळमळलेले मूल प्रवेशद्वारातून आत नेऊन थेट गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसवले तर त्याला उलटी होईल, आणि तुम्ही तिलाच भीती समजाल. आधी अर्धा तास नुसते हिंडू द्यावे, हलके काही खाऊ द्यावे. सुरुवात मेरी-गो-राउंडसारख्या सावकाश फिरणाऱ्या आणि चारही बाजूंनी उघड्या राईडने करावी, कारण तेथून तुम्ही त्याला दिसत राहता. अंधाऱ्या राईड पहिल्या दिवशी पूर्णपणे टाळाव्यात. सहा वर्षांच्या मुलाला वेगापेक्षा अंधार जड जातो, आणि म्हणून राजासॉरसची डायनोसॉरांमधून जाणारी होडी किंवा सलीमगढचा भुताचा वाडा भावंडांनी कितीही गळ घातली तरी त्याच्यासाठी नाही. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरचा विचारच करू नये. त्याच्या किंकाळ्या दूरवर ऐकू येतात, तेव्हा त्या मजेने ओरडणाऱ्या माणसांच्या आहेत हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

प्रत्येक राईड आधी बाहेरून पूर्ण बघावी आणि ती सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत मुलाबरोबर मोठ्याने आकडे मोजावेत. शंभरावर थांबली तर ती शंभरावर थांबते हे त्याला कळते, आणि आत बसल्यावर तो स्वतः मोजू शकतो. "आत्ता संपेल" असे खोटे सांगून काहीही साधत नाही. यंत्र कसे चालते हे सांगण्यास संकोच करू नये, कारण मुलांना ते समजते. साखळीने चढावर ओढल्या जाणाऱ्या गाडीखालून जो टक्-टक् आवाज येतो तो काही मोडत असल्याचा नसून गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या अडकणीचा असतो. हे कळल्यावर माझ्या मुलीला त्या आवाजाचा आधार वाटू लागला. उतारावर पोटात गोळा येतो तो सगळ्यांनाच येतो, मोठ्यांनाही येतो, हेही आधी सांगावे. झुलणाऱ्या जहाजात टोके सर्वांत उंच जातात आणि मधल्या जागा सर्वांत कमी हलतात, म्हणून मध्ये बसावे. छोट्या गाडीतही शेवटची जागा टाळावी, कारण पुढचे डबे उतारावर गेले की मागचा माथ्यावरून हिसका देऊन खेचला जातो.

रांगेत उभे राहण्यापूर्वी मुलाला एक शब्द द्यावा आणि तो पाळावा: फाटकापर्यंत कधीही परत फिरता येईल आणि कोणी रागावणार नाही, मात्र दांडा लागल्यावर राईड मध्येच थांबवता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. माझी मुलगी तासभर रांगेत उभी राहून फाटकाशी "आता नको" म्हणाली होती, आणि मी तिला घेऊन बाहेर आले. भाऊजींनी तेव्हा तिकिटाच्या पैशांचा विषय काढला. तिकीट दिवसभराचे असते. त्याची वसुली मुलाच्या रडण्यातून करायची नसते. त्याच दुपारी ती आपणहून त्याच रांगेत परत गेली आणि राईडमध्ये बसली, कारण नको म्हटलेले ऐकले जाते हे तिने पाहिले होते.

मुलाशेजारी कोण बसते यालाही फार महत्त्व आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात वर्षभराच्या बाळांना भक्कम काचेच्या पृष्ठभागावर ठेवले होते. काचेखाली पुढे जमीन एकदम खाली गेलेली दिसत होती आणि पलीकडे आई उभी होती. आईचा चेहरा आनंदी असताना १९ पैकी १४ बाळे रांगत पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. सहा वर्षांचे मूलही तुमचा चेहरा तसाच वाचते. तुम्हाला स्वतःला उंचीची भीती वाटत असेल तर ओठ दाबून बसू नका; ज्याला खरोखर मजा येते अशा आत्याला किंवा मामाला त्याच्याबरोबर पाठवा.

काही गोष्टी येथे जोडणे आवश्यक आहे. मूल एकदा नको म्हणाले म्हणून त्याला लगेच पार्कबाहेर नेणे हेही चूक आहे. सतत दूर नेले तर भीती वाढते. कुंपणाशी उभे राहून बघावे आणि त्याहून सोप्या राईडकडे वळावे. राईडपाशी लिहिलेल्या उंचीच्या अटीत जाड तळव्याच्या बुटांनी फसवाफसवी करू नये, कारण पट्टा आणि दांडा त्या उंचीच्या शरीरासाठीच बेतलेले असतात. यात्रेतल्या पाळण्यात दांडा नीट अडकला आहे का हे स्वतः हलवून पाहावे आणि शंका वाटल्यास उतरावे. गोंगाटाने कानांवर हात ठेवणाऱ्या मुलांची अडचण वेगळी असते. त्यांना कान झाकण्याचे साधन द्यावे. फिट येणे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि भीती पाळण्यापुरती न राहता शाळा, झोप, जेवण यांतही शिरली असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री घरातील सर्वांना एकत्र बसवून दोन गोष्टी ठरवा. मुलाला पाळण्यात कोणीही उचलून ठेवायचे नाही आणि "भित्री भागूबाई" असे कोणी, भावंडांनीही, म्हणायचे नाही. शेजारी कोण बसणार हे मुलालाच विचारा आणि त्याने घेतलेले नाव मोठ्यांना आवडले नाही तरी बदलू नका. "आमच्या वेळी असे नव्हते" असे कोणी म्हणाले, तर त्यांना त्या वेळच्या पाठीवरच्या भोपळ्याविषयी विचारा.