वाचकांचे प्रश्न : कॉमिक्स स्वतः छापावे की प्रकाशकाकडे द्यावे?

प्रश्न : मी कॉमिक्सची कथा आणि चित्रे दोन्ही स्वतःच करतो. सुमारे दीडशे पानांच्या पुस्तकाची चाळीस पाने शाई आणि अक्षरांसह पूर्ण झाली आहेत. ती पाहून एका प्रकाशकाने कराराचा मसुदा पाठवला आहे. माझे चित्रकार मित्र मात्र म्हणतात की आता प्रकाशकाची गरज उरलेली नाही, पुस्तक स्वतः छापावे आणि सगळा नफा आपल्याकडे ठेवावा. मी काय करावे?

उत्तर : नफा आपल्याकडे राहतो हे खरे आहे, पण खर्चही आपल्याकडेच राहतो आणि मित्रमंडळींच्या हिशेबात तो सहसा पूर्ण धरलेला नसतो. पुस्तक दुकानांतून विकायचे असेल, तर वितरक आणि दुकानदार मिळून छापील किमतीचा निम्म्याच्या आसपास भाग घेतात. उरलेल्या निम्म्यातून छपाई, टपाल, वाहतुकीत खराब झालेल्या प्रती आणि भेट दिलेल्या प्रती वजा केल्या, की जे उरते ती आपल्या दीडशे पानांची मजुरी. जत्रा-संमेलनांत किंवा थेट वाचकाला विकलेल्या प्रतीवर मिळकत बरीच अधिक असते. म्हणून स्वप्रकाशनाचे गणित मुख्यतः थेट विक्रीवर चालते.

आता प्रकाशकाकडचा हिशेब पाहू. करारात 'दहा टक्के रॉयल्टी' असे लिहिलेले असले, तरी ती छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती प्रत्यक्ष येणाऱ्या रकमेवर, हे आधी पाहावे. दुकानदारांना निम्मी सवलत दिली जात असेल, तर हाती येणाऱ्या रकमेवरचे दहा टक्के म्हणजे छापील किमतीचे पाचच टक्के. आगाऊ रक्कम मिळत असेल, तर ती याच रॉयल्टीतून वळती होते आणि ती पूर्ण फिटेपर्यंत पुढचे काही हाती येत नाही. तरीही दीडशे पानांच्या कामात आगाऊ रकमेला मोठे मोल आहे, कारण उरलेली एकशे दहा पाने काढताना आपले घर त्या पैशांवर चालू शकते, आणि पुस्तक पडले तरी ती रक्कम सहसा परत मागितली जात नाही.

पैशांपेक्षा मला हक्कांची चिंता अधिक वाटते. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये १३० डॉलरच्या बदल्यात सुपरमॅनचे सर्व हक्क लिहून दिले. पुढची कित्येक वर्षे ते न्यायालयात झगडत राहिले. १९७५ मध्ये, लोकमताचा रेटा आल्यावर, सुपरमॅनची मालक असलेल्या कंपनीने त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नामोल्लेख मान्य केला. याच्या उलट केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी १९८४ मध्ये कराच्या परताव्याचे पैसे आणि ईस्टमन यांच्या काकांकडून घेतलेली उधारी एवढ्या भांडवलावर 'टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स'च्या पहिल्या अंकाच्या सुमारे तीन हजार कृष्णधवल प्रती स्वतः छापल्या. पुढे खेळणी आणि दूरदर्शन मालिका आल्या, तेव्हा वाटाघाटीच्या मेजावर मालक म्हणून तेच बसले. अर्थात, त्याच काळात स्वखर्चाने छापलेले आणि खोक्यांतच राहिलेले अंक कुणी मोजत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

हे दोन मार्ग एकमेकांना बंद करणारे नाहीत, हे जेफ स्मिथ यांच्या 'बोन' या कॉमिक्सवरून दिसते. १९९१ पासून २००४ पर्यंतचे बहुतेक अंक त्यांनी स्वतःच्या संस्थेकडून काढले आणि व्यवहाराची बाजू पत्नी विजया अय्यर यांनी सांभाळली. २००५ पासून स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेने त्याच कथेच्या रंगीत आवृत्त्या शाळकरी वाचकांपर्यंत नेल्या. हक्क हाती असल्यामुळे हे जमले. आणि व्यवहार पाहणारे दुसरे माणूस असल्यामुळे चित्रकाराला चित्रे काढायला वेळ मिळाला. आपल्याकडे असे माणूस आहे का? नसेल, तर आठवड्यातले दोन दिवस पार्सले बांधण्यात, येणी वसूल करण्यात आणि पत्रव्यवहारात जातील, असे धरून चालावे.

तेव्हा माझे मत असे : दीडशे पानांचे हे काम प्रकाशकाकडे द्यावे, पण समोरचा मसुदा आहे तसा स्वीकारू नये. स्वामित्वहक्क आपल्या नावे राहावा आणि प्रकाशकाला ठरावीक भाषेत, ठरावीक मुदतीपुरता छापण्याचा परवाना द्यावा. चित्रपट, मालिका, खेळणी आणि अनुवाद यांचे हक्क एकाच वाक्यात गुंडाळलेले असतील, तर ते वेगळे काढून ज्यासाठी प्रकाशक खरोखर काही करणार आहे तेवढेच द्यावेत. पुस्तक बाजारातून गेल्यावर हक्क परत येण्याचे कलम बहुधा असते, पण 'बाजारात उपलब्ध' म्हणजे काय, हे तिथे प्रतींच्या संख्येत लिहून घ्यावे. नाहीतर मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय किंवा नुसती ई-आवृत्ती दाखवून पुस्तक कायमचे अडकवून ठेवता येते. प्रकाशकाने एवढ्यालाही नकार दिला, तर मित्रांचा सल्ला मानावा.

स्वतः छापण्याचा अनुभव हवाच असेल, तर याच पात्रांची चोवीस पानांची स्वतंत्र कथा आधी काढावी. मात्र करार झाल्यानंतर ती छापायची असेल, तर तशी मुभा करारात लिहून घ्यावी. छापखान्याशी संबंध आल्यावर बऱ्याच गोष्टी कळतात. ऑफसेट छपाईत पाने बहुधा सोळाच्या फॉर्मांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा अशी, छापली जातात, त्यामुळे दीडशे पानांचे पुस्तक १४४ किंवा १६० पानांचे करावे लागते. पाठीला गोंद लावून बांधलेल्या पुस्तकात समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग बांधणीत जातो, आणि नेमका नायकाचा चेहरा तिथे असला तर तो अर्धा गडप होतो. फुग्यांतील अक्षरे फक्त काळ्या शाईत असावी लागतात. ती रंगीत छपाईच्या चारही शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) मिसळून गेली आणि छपाईत कागद केसभर सरकला, तर प्रत्येक अक्षराला रंगीत कडा येते. म्हणून पडद्यावरची फाइल पाहून होकार देऊ नये, कागदावरचे प्रूफ मागवावे.

प्रश्न : मी लिहिते आणि माझा मित्र चित्रे काढतो. पुस्तक आम्हीच छापणार आहोत, त्यामुळे आमच्यात लेखी काही करण्याची गरज आहे का?

उत्तर : गरज आहे, आणि ती पहिले पान काढण्यापूर्वी आहे. बारा पानांची पटकथा काही दिवसांत होते, तीच पाने काढायला काही आठवडे लागतात. त्यामुळे 'निम्मे-निम्मे' हे वरवर न्याय्य वाटणारे सूत्र चित्रकाराला पुढे बोचू लागते. छपाईचा खर्च वसूल झाल्यावर पहिला वाटा पानांच्या मेहनतान्यापोटी चित्रकाराला आणि त्यानंतरचा नफा समान, अशी रचना मला अधिक टिकाऊ वाटते. पात्रांची मालकी कुणाची, एकाने काम सोडले तर दुसऱ्याला नवा जोडीदार घेऊन कथा पुढे नेता येईल का, आणि मूळ चित्रे कोण विकणार, एवढ्या तीन गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मूळ चित्रे चित्रकाराकडेच असावीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रश्न : माझे कॉमिक्स मी दर आठवड्याला इंटरनेटवर विनामूल्य देतो. त्यामुळे प्रकाशक पुढे ते नाकारतील का?

उत्तर : बहुधा नाही. ॲलिस ओसमन यांचे 'हार्टस्टॉपर' २०१६ पासून इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळत होते. २०१८ मध्ये वाचकांच्या वर्गणीतून त्यांनी पहिला खंड स्वतः छापला आणि पुढच्याच वर्षी तो मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून आला. आपल्यामागे वाचक आहेत याचा तो पुरावाच असतो. मात्र काही प्रकाशक करारानंतर बहुतेक पाने इंटरनेटवरून काढून टाकायला सांगतात, म्हणून किती पाने तशीच राहतील हे सहीपूर्वी ठरवावे. दुसरे असे की, ज्या संकेतस्थळावर आपण पाने चढवता त्याच्या अटी आजच वाचून काढाव्यात. तिथे आपण एखादा अनन्य परवाना (दुसऱ्या कुणालाही न देण्याच्या अटीवरचा) आधीच देऊन बसला असाल, तर प्रकाशकाला देण्यासारखे आपल्याकडे फारसे उरलेले नसेल. पानांच्या मूळ, छपाईयोग्य फाइली स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवाव्यात. पडद्यापुरत्या लहान करून चढवलेल्या प्रतींवरून पुस्तक छापता येत नाही, आणि मूळ फाइली हरवल्या असतील तर ती सर्व पाने नव्याने काढावी लागतात.