खालचा थर दिसू द्यावा : ठसे, स्टेन्सिल आणि रंग यांविषयी वाचकांचे प्रश्न

ठसे, स्टेन्सिल, कागदाचे तुकडे आणि अ‍ॅक्रिलिक रंग यांचे थरांवर थर चढवून केलेल्या चित्रांविषयी आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. तक्रारी वरवर निरनिराळ्या असल्या, तरी बहुतेकींचे मूळ एकच असल्याचे दिसते : खालच्या थराचे वरच्या थराशी काय नाते राहणार, याचा विचार रंग लावून झाल्यावर केला जातो, तो आधी करायला हवा.

प्रश्न : मी पाच-सहा रंग, तीन-चार स्टेन्सिल आणि बरेच ठसे वापरते. सुरुवातीला पार्श्वभूमी सुंदर दिसते. पण पुढे सगळे गढूळ होत जाते आणि शेवटी नजर कुठेच ठरत नाही. माझे कुठे चुकते?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन तक्रारी मिसळल्या आहेत. गढूळपणा हा रंगांचा दोष आहे, तर नजर न ठरणे हा मांडणीचा.

आधी रंगांचे पाहू. तांबडा आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा अशा परस्परविरोधी जोड्या ओल्या असताना एकमेकींत मिसळल्या की तपकिरी किंवा करडा रंग तयार होतो. हेच रंग खालचा थर पूर्ण वाळल्यावर एकावर एक दिले, तर ते एकमेकांना उठाव देतात. म्हणजे चूक रंगांच्या निवडीत नसून घाईत असते. अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर साधारणपणे दहा ते वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो. जाड थराला मात्र वरची साय धरल्यानंतरही आतून वाळायला काही दिवस लागू शकतात. ज्यांना थांबवत नाही, त्यांनी पहिल्या दोन थरांत निळा, निळसर हिरवा आणि हिरवा असे शेजारचे रंगच घ्यावेत, कारण ते ओले असताना मिसळले तरी बिघडत नाही. विरोधी रंग शेवटच्या ठशासाठी राखून ठेवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे रंगाची पारदर्शकता. टायटॅनियम व्हाइट खालचे बरेचसे झाकून टाकतो. थॅलो ब्लू किंवा क्विनॅक्रिडोन जातीचे लाल-गुलाबी रंग मात्र पातळ दिले असता रंगीत काचेसारखे वागतात आणि खालची नक्षी कायम ठेवतात. पुष्कळ ट्यूबांवर लहानसा चौकोन छापलेला असतो. तो रिकामा असेल तर रंग पारदर्शक आणि भरलेला असेल तर अपारदर्शक समजावा. अशी खूण नसेल, तर एका कागदावर न पुसली जाणारी जाड काळी रेघ ओढून तिच्यावरून प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा द्यावा. रेघ कितपत दिसते यावरून उत्तर मिळते, आणि हा कागद पुढे कायम उपयोगी पडतो.

आता मांडणीकडे येऊ. तीन-चार स्टेन्सिलांची नक्षी सारख्याच आकाराची आणि ठसेही त्याच मापाचे असतील, तर चित्राचा गालिचा होतो. खालच्या थरांत मोठे, सैल आकार घ्यावेत, मधल्या थरांत मध्यम नक्षी घ्यावी आणि बारीक ठसे अगदी शेवटी, तेही मोजक्या जागी उमटवावेत. स्टेन्सिल पानभर उमटवण्याचा मोह टाळून तिचा एखादाच कोपरा वापरावा. मधूनमधून चित्राचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहावे. सगळीकडे एकच करडेपणा दिसला, तर रंग कितीही असले तरी गडद-फिक्याचा फरक नाही, हे लगेच ध्यानात येते. अशा वेळी पांढरा जेसो, म्हणजे रंगाआधी पृष्ठभागाला द्यायचा अस्तराचा लेप, पातळ करून गर्दीच्या भागावरून कापडाने पुसल्यासारखा फिरवावा. खालचे ठसे धुक्यातून दिसावेत तसे राहतात आणि नजरेला विसाव्याची जागा मिळते. माझ्या पाहण्यात आलेली कितीतरी चित्रे तिसऱ्या थरालाच चांगली झालेली होती. पुढचे थर केवळ ठसे शिल्लक होते म्हणून पडले होते.

प्रश्न : स्टेन्सिल उचलली की कडा फुटलेल्या असतात, रंग आत पसरलेला असतो. चिकटपट्टी लावूनही फरक पडत नाही.

उत्तर : चिकटपट्टीने स्टेन्सिल सरकत नाही एवढेच, रंग आत शिरतो तो पातळपणामुळे आणि जादा प्रमाणामुळे. रंगात पाणी घालू नये. स्पंजाचा तुकडा रंगात टेकवावा, मग तो दुसऱ्या कागदावर आठ-दहा वेळा टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि नंतरच स्टेन्सिलवर सरळ वरून ठोकत जावे. घासले की रंग कडेखाली ढकलला जातो. एका जाड हातापेक्षा दोन विरळ हात नेहमी बरे. खालचा पृष्ठभाग आधीच्या थरांमुळे उंचसखल झाला असेल, तर स्टेन्सिल सपाट बसणार नाही आणि रेखीव कडा मिळणार नाहीत; त्यामुळे काटेकोर नक्षी हवी असल्यास ती पोताच्या, म्हणजे खरखरीत उठाव आणणाऱ्या, लेपाआधीच उमटवून घ्यावी. अर्थात किंचित फुटलेली कड प्रत्येक वेळी दोषच असते असे नाही. सगळ्याच कडा यंत्राने कापल्यासारख्या आल्या, तर चित्र छापील दिसू लागते.

आपण विचारले नसले तरी एक उलटी पद्धत सांगण्याचा मोह होतो, कारण स्टेन्सिलचा मला सर्वांत आवडणारा उपयोग तोच आहे. खालचा रंगीत थर पूर्ण वाळू द्यावा, शक्यतो रात्रभर. मग त्यावर वेगळ्या रंगाचा पातळ थर द्यावा, तो ओला असतानाच स्टेन्सिल ठेवावी आणि तिच्या मोकळ्या भागातील रंग किंचित दमट कापडाने टिपून काढावा. स्टेन्सिल उचलल्यावर नक्षीच्या आकारात खालचा थर उघडा झालेला दिसतो. यात वर काही चढवलेले नसून खालचे मोकळे केलेले असते, त्यामुळे ही नक्षी चित्रात मुरलेली वाटते. वेळ मात्र दोन-तीन मिनिटांचीच मिळते. म्हणून एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यावा.

प्रश्न : वाळलेल्या अ‍ॅक्रिलिक थरावर उमटवलेला ठसा तासाभरानेही बोटाला लागतो. शाईत दोष असेल का?

उत्तर : शाई बहुधा चांगली असावी, ती चुकीच्या जागी वापरली गेली आहे. वाळलेला अ‍ॅक्रिलिक थर म्हणजे प्लास्टिकची पातळ पापुद्र्यासारखी चादर असते. कागद शाई पिऊन घेतो, हा थर तसे करत नाही. पाण्यात विरघळणारी शाई त्यावर नुसती बसून राहते आणि पुढचा ओला थर येताच त्यात मिसळून तो रंगही बिघडवते. येथे तीन मार्ग आहेत. प्लास्टिक-काचेवर चालणारी, द्रावकात केलेली कायम शाई वापरावी. ती वापरताना खिडकी उघडी ठेवावी. नाहीतर ठसा उमटवण्याआधी त्या जागेवर पारदर्शक जेसोचा हलका हात द्यावा, म्हणजे पृष्ठभागाला खरखरीतपणा येऊन शाईला पकड मिळते. तिसरा मार्ग शाई बाजूला ठेवून ठशावर स्पंजाने अ‍ॅक्रिलिक रंगच लावण्याचा आहे. तो थरांच्या कामाला सर्वांत सुसंगत आहे. ठसा थोडा ओबडधोबड येतो, पण तो पुन्हा सुटत नाही.

कोणत्याही शाईची परीक्षा सोपी आहे : टाकाऊ तुकड्यावर ठसा उमटवून वाळू द्यावा आणि ओले बोट फिरवावे.

प्रश्न : रंग वापरल्यावर ठसे कसे स्वच्छ करावेत?

उत्तर : ताबडतोब. अ‍ॅक्रिलिक ठशाच्या बारीक रेषांत वाळला, तर निघणे कठीण असते. जवळ दमट कापड ठेवावे, ठसा उमटवताच त्यावर टेकवावा आणि नंतर साबणाच्या पाण्याने, जुन्या मऊ टूथब्रशने धुवावा. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला ठसा पाण्यात बुडवून ठेवू नये, गोंद सुटतो. पारदर्शक ठसे उन्हात पिवळे पडतात आणि तीव्र द्रावकांनी खराब होऊ शकतात.

प्रश्न : दोन-तीन थरांतच कागद वाकतो. जाड कागद घेऊनही थोडाफार वाकतोच.

उत्तर : कागद पाण्याने फुगतो आणि वरचा लेप वाळताना एकाच बाजूने ओढ देतो, वाकणे त्या ओढीमुळे होते. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद किमान समजावा. सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना जेसोचा एकेक हात दिला, तर ओढ बरीचशी समतोल होते. काम पूर्ण वाळल्यावर वर-खाली सिलिकॉनचा लेप असलेला न चिकटणारा कागद घालून जड पुस्तकांखाली एक-दोन दिवस ठेवावे. हेअर ड्रायर दुरून आणि हलता ठेवून वापरावा. जवळून दिलेल्या उष्णतेने जाड लेपाची वरची साय आधी धरते आणि आतला ओलावा अडकून राहतो.

प्रश्न : तयार ठसे आणि स्टेन्सिल वापरून केलेले चित्र माझे म्हणावे का? घरातील एका चित्रकार नातेवाइकांनी याला छपाई म्हटले.

उत्तर : नातेवाइकांचा आक्षेप जुना आहे, पण पद्धत त्याहून जुनी आहे. अर्जेंटिनातील ‘हातांची गुहा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या जागी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी तळहात भिंतीवर ठेवून भोवती रंग फुंकला. त्यांचा हातच स्टेन्सिल होता. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राक यांनी १९११ मध्ये आपल्या चित्रात स्टेन्सिलची अक्षरे उमटवली. पुढच्याच वर्षी पाब्लो पिकासो यांनी वेताच्या विणीची नक्षी छापलेले मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले. ती नक्षी त्यांनी स्वतः काढलेली नव्हती. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ च्या सुमारास कार्यालयांत वापरतात तसे रबरी शिक्के चित्रांत वापरले. तयार वस्तू घेतल्याने या कामांचे कर्तेपण कमी झाले नाही, कारण ती कुठे ठेवायची, किती झाकायची आणि कशाशेजारी आणायची हे त्यांनी ठरवले होते.

तरीही नातेवाइकांच्या बोलण्यात एक सत्य आहे, ते मान्य करावे. बाजारातील एकाच मालिकेतील ठसे आणि स्टेन्सिल एकत्र वापरले, तर चित्र त्या मालिकेच्या जाहिरातीसारखे दिसते. त्यात निदान एक ठसा स्वतः कोरलेला असावा. मऊ खोडरबर आणि लहान कोरणी एवढे साहित्य पुरते; कोरणीचे टोक नेहमी बोटांपासून दूर जाईल असे धरावे. अक्षरे कोरायची असतील, तर ती आरशात दिसतात तशी उलटी कोरावी लागतात. पेन्सिलीने कागदावर सरळ लिहून तो कागद खोडरबरावर पालथा दाबला की अक्षरे आपोआप उलटी उतरतात. असे ठसे कागदात गुंडाळून ठेवावेत, कारण प्लास्टिकच्या डब्याला किंवा एकमेकांना टेकून राहिले तर काही खोडरबरे चिकटून बसतात.

प्रश्न : चित्रवहीची समोरासमोरची पाने एकमेकांना चिकटतात. वर चकचकीत व्हार्निश दिल्यावर तर जास्तच.

उत्तर : अ‍ॅक्रिलिक वाळल्यावरही उष्णतेने मऊ होते, आणि बंद वहीत दाबही असतो. गुळगुळीत, चकचकीत थर एकमेकांना अधिक घट्ट धरतात, म्हणून चित्रवहीसाठी मॅट व्हार्निश घ्यावे. ते नीट वाळल्यावर मेणाचा अत्यंत पातळ हात देऊन मऊ कापडाने चोळावा, आणि वही उभी, सैल ठेवावी. पानांमध्ये न चिकटणारा कागद घालणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय आहे.

पाण्यात विरघळणारे खडू किंवा शाई वरच्या थरात असेल, तर व्हार्निशचा ब्रश फिरताच ती पसरेल. अशा पानावर आधी मोकळ्या हवेत फिक्सेटिव्हचे, म्हणजे खडू-शाई पक्की धरून ठेवणाऱ्या द्रवाचे, दोन हलके फवारे द्यावेत आणि ते वाळल्यानंतर व्हार्निशला हात लावावा. तेलखडूवर मात्र पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक व्हार्निश नीट धरत नाही, त्यामुळे वहीच्या कामात तेलखडू टाळलेलाच बरा.