कोरफड आणि घायपात यांत गफलत नको

बांधावरचं जाड पात्याचं प्रत्येक झुडूप कोरफड नसतं. पान मोडून बघ. कोरफडीचं सहज तुटतं, आत पारदर्शक गर दिसतो. घायपाताचं धाग्यांमुळे तुटत नाही, टोकाला कडक काटा असतो आणि रस लागला की अंगाला खाज सुटते. कोरफडीच्या रोपावर पांढरे ठिपके दिसले तर वेगळी जात समजू नकोस, कोवळेपणी ते असतातच. थंडीत मधून दांडा येतो, त्याला खाली झुकलेली पिवळी, नळीसारखी फुलं लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सालीखालचा पिवळा चीक. तो जोरदार रेचक आहे. वाळवला की त्याचा काळा बोळ, म्हणजे औषधातला काळा खडा होतो. पोटात घ्यायचा तर वैद्याला विचारूनच, आणि गरोदर बाईला मुळीच नको. कापलेलं पान उभं ठेव, चीक निथळू दे, मग गर धुऊन घे. किरकोळ भाजल्यावर तेवढा पुरतो.

मूळची ही अरबस्तानातली, कोरड्या हवेची. बेळगाव जिल्ह्यातच बघ, कोरड्या अथणीकडे पाण्याशिवायही तग धरते, पण खानापूरच्या पावसात मुळं कुजतात. तिथं उतारावर, मुरूम मिसळून पिल्लं, म्हणजे बुंध्याशी फुटलेली छोटी रोपं, लाव.