रोज्यातली मिस्वाक आणि खाडीकाठची काडी

तुमचे दोन प्रश्न आहेत. मुंबईतले हनफी पंथाचे शेजारी रोज्यात दिवसभर मिस्वाक, म्हणजे दात घासायची काडी, करतात आणि गावी, दापोलीकडे, आजी जोहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) हातातली काडी काढून घेते, तर बरोबर कोण? आणि हजहून आलेल्या मिस्वाकला पावसात बुरशी धरते, मग खाडीकाठच्या झाडाची काडी तोडली तर चालेल का?

आजीही बरोबर आणि शेजारीही. आपण कोकणी मुसलमान शाफई. हनफी आणि शाफई हे मजहब, म्हणजे धर्माचे नियम सांगणारे पंथ. भटकळचे नवायत आणि केरळचे मापिला यांच्यासारखाच आपल्याकडेही हा मजहब अरबी समुद्रातून, गलबतांबरोबर आला. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे की रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहला कस्तुरीहून प्रिय आहे. उपाशी पोटाचा तो वास दुपारनंतर येतो, तो मुद्दाम पुसू नये, म्हणून शाफई मजहबात सूर्य कलल्यापासून मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, रोजेदाराने मिस्वाक करणं मकरूह धरलं आहे. मकरूह म्हणजे नापसंत. हराम नव्हे, आणि त्याने रोजाही तुटत नाही. हनफी मजहबात ही मर्यादा नाही. इमाम नववी शाफईंचे एवढे मोठे आलिम (धर्मपंडित), पण मकरूह न मानणाऱ्यांची बाजू दलिलीने, म्हणजे पुराव्याने, भक्कम आहे, हे त्यांनीही लिहून ठेवलं आहे. तेव्हा घरात यावरून आवाज चढवू नका. आजीसमोर जोहरपर्यंतच करा, तिच्या मनाला बरं वाटेल. रस आणि तुटलेले धागे मात्र कुठल्याही वेळी थुंकून टाका. ते घशाखाली जाऊ द्यायचे नाहीत.

रोज्याची गोष्ट बाजूला ठेवली तर एरवी मिस्वाकची ताकीद किती आहे बघा. उम्मतला (आपल्या अनुयायांना) जड जाईल ही काळजी नसती तर प्रत्येक नमाजला मिस्वाकचा हुकूम दिला असता, असं पैगंबरांनी (स.) म्हटलं आहे. त्यांच्या अखेरच्या आजारात त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे भाऊ अब्दुर्रहमान हातात मिस्वाक घेऊन आले, तेव्हा पैगंबरांची नजर तिच्याकडे गेली. हजरत आयेशांनी ती चावून मऊ केली आणि त्यांना दिली. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, अजून डोळे भरतात.

माझी चूकही सांगतो, कारण अनेक जण तीच करतात. किताबांत दातांवर आडवी फिरवा असं आहे, म्हणून मी वर्षानुवर्षं रोज पाच वेळा खसाखस घासत होतो. शेवटी सुळ्याची हिरडी वर सरकली आणि थंड पाणी लागायला लागलं. नंतर नीट वाचलं, तर उभी फिरवू नका म्हणण्यामागचं कारणच हिरडीतून रक्त येऊ नये हे होतं. म्हणजे मुळात हिरडी जपायची आहे. आता साल अर्धं पेर सोलतो, टोक पाण्यात भिजवतो, कुंचला होईपर्यंत चावतो आणि हलक्या हाताने फिरवतो. जिभेवरूनही फिरवतो, ती सुन्नतच (पैगंबरांची रीत) आहे. टोक बेचव झालं की कापून टाकतो. झोपताना मात्र फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश, कारण दाढांच्या फटीत काडी पोचत नाही.

आता खाडीकाठची काडी. मिस्वाकचं झाड म्हणजे पीलू, अरबीत अराक. त्याला खारी जमीन मानवते, आणि आपल्या किनाऱ्यावर कांदळवनाच्या कडेला ते कुठे कुठे आहेही. पान चुरगाळलं तर मोहरीसारखा झणका येतो. पण अंदाजाने कुठलीही फांदी तोडू नका. त्याच चिखलात गेवा नावाचं झाड उगवतं, आणि त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दिसेनासं होतं, तोंडात गेला तर तोंड भाजतं. चीक निघणारी काडी तोंडाजवळसुद्धा नेऊ नये. कण्हेरीचंही तेच, तीही विषारी. शिवाय कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे.

आणि पीलूच हवा असंही नाही. अराक सर्वांत चांगला, पण शाफई मजहबात दात साफ करणारी कुठलीही खरखरीत, पाक (शुद्ध) वस्तू सुन्नतला पुरते. कडुलिंब आपल्या पावसात फारसा दिसत नाही, पण करंज गावोगाव आहे आणि आपले वाडवडील त्याचंच दातवण करत. तुमच्या आजीला विचारा, झाड तीच दाखवेल.

बुरशीचं कारण म्हणजे ओली काडी प्लास्टिकच्या डबीत बंद करणं. वापरून झाली की धुऊन, झटकून, टोक वर करून उघड्या पेल्यात ठेवा, पण मोरीत नको. न उघडलेली पाकिटं फ्रीजमध्ये टिकतात. काळे ठिपके दिसले तर खरवडत बसू नका, फेकून द्या, मदिनेहून आलेली असली तरी. मी तर आषाढ-श्रावणात पाकीट फोडतच नाही. परसातल्या करंजाची करंगळीएवढी कोवळी काडी सकाळी तोडतो आणि ती इशापर्यंत (रात्रीच्या नमाजपर्यंत) पुरते.