आधी ओळ, मग बेरीज

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिल्ह्याच्या मासिक गोषवाऱ्यात मानवी तस्करीचे गुन्हे ‘निरंक’, म्हणजे एकही नाही, आणि त्याच जिल्ह्यातल्या निवारागृहाच्या नोंदवहीत पोलिसांनी सोडवून आणलेल्या मुली. यातलं खरं कोणतं धरू, असं विचारतेस. आणि शेवटी म्हणतेस, तक्ते भरत बसण्यापेक्षा छापा घालणाऱ्या पथकात गेलेलं बरं. त्या शेवटच्या वाक्याचा मला राग आलाय, त्याचं पुढे बघू. आधी पहिलं.

दोन्ही खरं आहे. अल्पवयीन मुलगी हरवली की ठाण्यात अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. पूर्वी भादंविचं, म्हणजे जुन्या दंड संहितेचं, कलम ३६३, आता न्याय संहितेचं १३७. गोषवारा त्याच कलमाखाली वर जातो. चार महिन्यांत ती सापडली नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जायला हवा. समज, ती नंतर कधीतरी कुंटणखान्यात सापडली. मग कलमवाढ होते. तस्करीचं कलम लागतं, पीटा हा देहव्यापारविरोधी कायदा लागतो, बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पोक्सो लागतो. पण कलमवाढ राहते केस डायरीत आणि कोर्टाला दिलेल्या पत्रात. वर गेलेला गोषवारा परत मागवून दुरुस्त कोण करतं? आणि केला तरी एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरचे गुन्हे मोजणाऱ्या केंद्रीय विभागाच्या, मोजणीचा नियम आहेच: एका गुन्ह्यात कलमं कितीही असोत, मोजायचं ते सगळ्यांत गंभीर. पोक्सोचं फाशीपर्यंत शिक्षा असलेलं कलम शेजारी आलं की तस्करी मागे पडते. कुणी काही लपवलेलं नसतं, सगळ्यांनी नियम पाळलेला असतो आणि मुलगी तक्त्यातून गेलेली असते.

म्हणून म्हणते, आधी ओळ, मग बेरीज. एक गुन्हा, एक ओळ. गुन्हा रजिस्टर नंबर, दाखल तारीख, पहिलं कलम, कलमवाढीची तारीख, दोषारोपपत्र, कोर्टाचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर, आरोपनिश्चिती, साक्षी, निकाल, अपील. पीडितेचं नाव या ओळीत कुठेही नको. ते उघड करणं गुन्हा आहे आणि कामाला लागतही नाही. पोलिसांकडे गुन्हा एका नंबरने ओळखला जातो आणि कोर्टात दुसऱ्याच. हे दोन नंबर एका ओळीत आणून बसवणं, आपलं निम्मं काम हेच. पोलिसांची संगणकप्रणाली सीसीटीएनएस आहे, कोर्टांची ई-कोर्ट्स आहे, आता सगळं जोडलेलं आहे असं तुला सांगतील. ठीक. तू तुझ्या जिल्ह्याच्या ओळी हाताने जुळवून बघ आणि मग मला सांग.

बेरजेवर विश्वास ठेवणाऱ्यांना मी एकच गोष्ट दाखवते. राष्ट्रीय आकडेवारीत २०१६ साली मानवी तस्करीचे गुन्हे ८,१३२ होते, २०१७ साली २,८५४. माणसांचा बाजार एका वर्षात एवढा बसला का? त्या वर्षी माहिती मागवायचे तक्तेच बदलले होते. ‘क्राइम इन इंडिया २०१७’ हा एनसीआरबीचा वार्षिक अहवाल बाहेर यायलाच ऑक्टोबर २०१९ उजाडला. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवून घट झाली म्हणून सांगणारे मी पाहिलेत. भाषणात नव्हे गं, टिपणीत! सहीनिशी!

तू आलेख काढशील तेव्हा तो तीन ठिकाणी तोडून काढ. २०१३, कारण तेव्हा भादंविचं ३७० तस्करीचं कलम झालं; त्याआधी ते गुलाम म्हणून खरेदी-विक्रीचं कलम होतं आणि तस्करी ३६६अ, ३७२, ३७३ आणि पीटा यांत विखुरलेली होती. २०१७, ते वर आलंच. आणि जुलै २०२४, कारण तिथून तस्करीसाठी न्याय संहितेचं १४३ सुरू होतं. पण १ जुलैच्या आधी घडलेला गुन्हा आज दाखल झाला तरी जुन्याच कलमाखाली, म्हणजे पुढची कित्येक वर्षं दोन्ही रकाने चालू. सलग रेघ ओढलीस तर माझ्याकडे पाठवू नकोस.

दोषसिद्धीच्या टक्क्याचंही तेच. तो त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर काढतात, त्या वर्षी दाखल झालेल्या गुन्ह्यांवर नाही. यंदा दहावीला बसलेल्या मुलांचा निकाल यंदाच्या पहिलीच्या पटाशी ताडून पाहशील का? आणि जो खटला वर्षानुवर्षं साक्षीवाचून पडून आहे, तो या टक्क्यात येतच नाही, ना वर ना खाली. तो फक्त ओळीत दिसतो.

आता माझा राग. पथकात जायचं तर खुशाल जा, तिथेही माणसं हवीत. पण हे काम कमी दर्जाचं म्हणून जाऊ नकोस. छाप्यानंतर कुणाला पीडित लिहिलं आणि कुणाला आरोपी, हे कोण बघतं? पीटाच्या कलम ८ खाली, ग्राहकाला खुणावलं म्हणून, खुद्द बाईच आरोपी होते. ती दंड भरून सुटते, आणि पीटाखालच्या शिक्षांमध्ये आणखी एकीची भर पडते. कायदा कडक राबवला जातोय म्हणून तोच आकडा दाखवला जातो. दलाल, मालकीण आणि ती बाई, तिघांची एकच बेरीज! कलमवार ओळी लावल्याशिवाय हे कुणाला कळणार होतं? मी कलम ८ वेगळं काढून दिलं तेव्हा एका वरिष्ठांनी विचारलं, बाई, तुम्हाला आकडा वाढवायचाय की कमी करायचाय? मला तो मोजायचा होता. मी हेकट होते, मान्य. माझ्यामुळे अहवाल रखडायचे, हेही खरं. पण रखडलेला अहवाल कधीतरी जातो. चुकीचा गेलेला मात्र संसदेतल्या उत्तरापर्यंत पोचतो आणि मग तो कुणाच्या बापाला मागे घेता येत नाही.

वेठबिगारीबद्दल तू एक अक्षरही लिहिलेलं नाहीस. बहुतेक जण विसरतात. राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच वाक्यात बसलेत, पण कागद दोन खात्यांत. वीटभट्टीवरून सोडवलेल्या कुटुंबाचं मुक्ती प्रमाणपत्र महसूलच्या फायलीत असतं, १९७६ च्या कायद्याखाली. पोलिसांत गुन्हा लागला असेल, नसेलही. प्रांत कार्यालयात जाऊन ती फाइल माग. तिच्यातलं प्रत्येक प्रमाणपत्र म्हणजे तुझी एक ओळ, समोर गुन्हा नंबर असो वा नसो. नसेल तर रकाना रिकामा ठेव. ‘निरंक’ लिहू नकोस. निरंक म्हणजे शोधलं आणि नव्हतं.

माझी एक खंत आहे, ती तुझ्या गळ्यात घालते. मुलगी दुसऱ्या राज्यातली, घरी परत गेलेली. समन्स तिच्या गावच्या ठाण्यात पोचलं की नाही कुणाला ठाऊक नाही. ती आली नाही, आरोपी सुटला. तक्त्यात काय? ‘निर्दोष’. साक्षीदार का आला नाही, एवढा एक रकाना छापील नमुन्यात घालून घ्यायला मी आख्खी नोकरी घालवली. नाही जमलं. मग मी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागले: समन्स बजावलं नाही, समन्स परत, साक्षीदार फितूर, दुभाषी नव्हता. शेरे वर जाताना गाळले जायचे, तरी लिहायचे. आपल्या जिल्ह्याच्या प्रतीत तरी राहायचे.

तर पुढच्या पत्रात मला टक्केवारी नको. निर्दोष सुटलेल्या खटल्यांची निकालपत्रं ई-कोर्ट्सवरून काढ, एकेक वाच आणि प्रत्येकासमोर शेरा लिहून पाठव. वेळ लागेल. साहेब घाई करतील. जुन्या गोषवाऱ्याचं म्हणशील तर दुरुस्तीपत्र तुझ्या सहीने टाक. जावक क्रमांक घे.

तुझी,
मॅडम