चॉक लागल्यापासून चॉक निघेपर्यंत

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी योजना दोनदा वाचली. कोल्हापूर, नांदेड, जळगाव या गावांना छोट्या विमानांनी मुंबईशी जोडायचं आणि तिकीट सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं ठेवायचं, हा विचार मला मनापासून आवडला. पण 22 पानांपैकी 11 पानं तू तिकिटाच्या दराला दिली आहेस. सणासुदीला किती, आगाऊ घेतलं तर किती, दुसऱ्या कंपनीपेक्षा किती कमी. आणि एक फेरी संपल्यावर विमान पुढच्या फेरीला निघायला किती वेळ लागेल, यावर एकच ओळ: ‘अंदाजे 50 मिनिटे.’ माझी 33 वर्षं विमानाच्या पोटाखाली, रॅम्पवर म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर गेली. म्हणून हे पत्र त्या एका ओळीबद्दल: उभ्या विमानाच्या चाकांना चॉक, म्हणजे अडसर, लागल्यापासून तो निघेपर्यंतच्या वेळेबद्दल.

आधी साधा हिशेब मांडू. समज, तुझं विमान 72 सीटचं आहे आणि त्याचं भाडं, विमा, पायलटांचे पगार मिळून दिवसाला 6 लाख रुपये जातात. विमान उडो वा उभं राहो, हे जाणारच. दिवसाचे 10 तास हातात आहेत, एक फेरी, म्हणजे एका बाजूचं उड्डाण, 50 मिनिटांची. जमिनीवर 50 मिनिटं उभं राहिलं, तर 6 फेऱ्या होतात. 25 मिनिटांत निघालं, तर 8. म्हणजे प्रत्येक फेरीवरचा बोजा 1 लाखावरून 75 हजारांवर आला. फेरीमागे 54 प्रवासी धरले, तर माणशी साडेचारशे रुपयांहून जास्त फरक पडला. इंधन आणि उतरण्याचं शुल्क प्रत्येक फेरीला वेगळं लागतं, ते कमी होत नाही. पण हे साडेचारशे तू कोणाशीही घासाघीस न करता वाचवलेस. तुझं स्वस्त तिकीट इथून यायला हवं.

हे ज्या साउथवेस्ट विमानकंपनीने जगाला करून दाखवलं तिची गोष्ट अमेरिकेतल्या टेक्सासची आहे. हर्ब केलहर हा सॅन अँटोनियोतला वकील. रोलिन किंग नावाच्या त्याच्या अशिलाने डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांपुरती विमानसेवा काढायची कल्पना आणली. त्या काळी अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात उडायचं तर मार्ग आणि भाडं दोन्ही सरकारी मंडळ ठरवायचं. राज्याच्या हद्दीतच उडलं तर त्या मंडळाचा अधिकार चालत नसे. 1967 मध्ये कंपनीची नोंदणी झाली, 1968 मध्ये राज्याची परवानगी मिळाली, आणि लगेच ब्रॅनिफ, टेक्सास इंटरनॅशनल आणि कॉन्टिनेंटल या तीन कंपन्या मनाईहुकूम घेऊन आल्या. खालच्या दोन कोर्टांत हार झाली. संचालक कंटाळले तेव्हा केलहरने सांगितलं, माझी फी आत्ता नको आणि कोर्टाचा खर्चही मी करतो. अखेर टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल बाजूने लागला. 18 जून 1971 ला साउथवेस्टचं पहिलं विमान उडालं. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात तीन वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्यातला बहुतेक काळ त्यांच्याकडे एकही विमान नव्हतं. तुला परवान्याला आठ महिने लागतील म्हणून तू खचली आहेस, त्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

सुरुवात तीन बोइंग 737 विमानांनी झाली, काही महिन्यांत चौथं आलं. पण तोटा होत होता. 1972 मध्ये पगार द्यायलाही पैसे पुरेनात, म्हणून चौथं विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचं. फेऱ्या कमी करायच्या तर माणसंही कमी करावी लागणार. तेव्हा विमानतळावरच्या कामाचे प्रमुख बिल फ्रँकलिन यांनी ठरवलं की तीन विमानांनी चारांचं काम करायचं आणि त्यासाठी प्रत्येक विमान दहा मिनिटांत पुन्हा निघालं पाहिजे.

दहा मिनिटं! मी आयुष्यभर हेच काम केलं आणि तरी हा आकडा वाचून अजून अंगावर काटा येतो. त्यांनी केलं ते असं: सीट क्रमांक दिलेच नाहीत, आला तो बसला. जेवण नाही, म्हणून गाड्या चढवणं-उतरवणं नाही. केबिन हवाई सुंदरींनीच आवरली, गरज पडली तर पायलट सामानाला हात लावायचे. सगळी विमानं एकाच जातीची, त्यामुळे कुठलाही पायलट, कुठलाही मेकॅनिक कुठल्याही विमानावर चालायचा आणि सुटे भाग एकाच प्रकारचे ठेवावे लागायचे. यातली एकही गोष्ट प्रवाशाला खूश करायला शोधलेली नव्हती. एक विमान हातातून गेलं, तेव्हा या सगळ्याचा पुरेपूर उपयोग करावा लागला.

एक खुलासा करतो, कारण सगळं श्रेय केलहरला दिलं जातं. त्या दिवसांत कंपनी चालवत होते लॅमार म्यूज. शुक्रवारी रात्री ह्यूस्टनहून एक विमान देखभालीसाठी रिकामं डॅलसला जायचं. म्यूजनी त्याचं तिकीट 20 डॉलरऐवजी 10 डॉलरला लावलं आणि जाहिरात न करता ते भरायला लागलं. विमान जाणारच होतं, इंधन जळणारच होतं, म्हणून 10 डॉलर परवडले. तुझ्या अकरा पानांत मला एकही तिकीट असं सापडलं नाही, जे का परवडतं हे तू लिहिलं आहेस.

मोठी कंपनी भाडं पाडेल, ही भीती तू लिहिली आहेस, आणि ती खरी आहे. 1973 मध्ये ब्रॅनिफने डॅलस-ह्यूस्टनचं भाडं निम्मं, 13 डॉलर केलं. साउथवेस्टने प्रवाशाला सांगितलं, तुम्हीही 13 द्या, किंवा पूर्ण 26 द्या आणि दारूची एक बाटली घेऊन जा. आपापल्या कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्यांनी 26 दिले. त्याच वर्षी कंपनी नफ्यात आली आणि 2019 पर्यंत सलग 47 वर्षं नफ्यात राहिली. बाटलीची युक्ती उचलू नकोस. त्या दिवसांत टिकून राहण्याइतका खर्च त्यांनी आधीच खाली आणला होता, तेवढं बघ.

आता माझा अनुभव. एका कंपनीत असताना संध्याकाळी आमचं विमान सहा वाजता निघायचं होतं. प्रवासी बसले, सामान चढलं, इंधन भरलं. लोडशीटवरची, म्हणजे विमानातल्या वजनाच्या तक्त्यावरची, सही राहिली, कारण ती करणारा माणूस दुसऱ्या बेवर, दुसऱ्या विमानाच्या जागेवर होता आणि त्याच्याऐवजी कोणाला अधिकारच दिलेला नव्हता. 35 मिनिटं गेली. पुढची फेरी तेवढीच उशिरा, त्यापुढची आणखी उशिरा, आणि रात्री शेवटच्या फेरीआधी पायलटांच्या ड्युटीची मुदत संपली. फेरी रद्द. दीडशे माणसं विमानतळावर अडकली. एक आजोबा मला विचारत होते की सकाळच्या तेराव्याला पोचू का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्रीनंतर मी उशिराला कधी ‘किरकोळ’ म्हटलं नाही.

म्हणूनच केलहरचं माणसांशी वागणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नफा सुरू होताच कंपनीने कर्मचाऱ्यांना त्यात वाटा दिला. मजबूत कामगार संघटना असूनही कामाच्या वाटणीवरून सहसा कोणी अडून बसत नसे. केलहरच्या वकिली कचेरीतली सेक्रेटरी कॉलिन बॅरेट 2001 मध्ये साउथवेस्टची अध्यक्ष झाली. दहा मिनिटांत विमान काढायचं तर ‘हे माझं काम नाही’ असं म्हणणारा एकही माणूस चालत नाही, आणि तसं न म्हणायला माणसाला कारण द्यावं लागतं. तुझ्या योजनेत लोडर आणि सफाईवाले ठेकेदाराचे आहेत. त्यावर पुन्हा विचार कर.

आपल्याकडचं उदाहरण तुला माहीत आहे. कॅप्टन गोपीनाथांनी 2003 मध्ये एअर डेक्कन काढली, आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ तिचं चिन्ह झाला आणि एक रुपयाच्या तिकिटाची देशभर चर्चा झाली. तुझ्या वडिलांनी पहिला विमानप्रवास त्याच कंपनीने केला, परत आल्यावर तासभर खिडकीतून दिसलेल्या ढगांबद्दल बोलत होते. त्या माणसाचं ऋण मी मानतो. पण कंपनी एटीआर आणि एअरबस अशा दोन जातींच्या विमानांनी फार वेगाने वाढली. माझ्या मते भाडं खाली आलं, खर्च तेवढा आला नाही. 2007 मध्ये किंगफिशरने हिस्सा घेतला, पुढे नाव बदललं, आणि 2012 मध्ये किंगफिशरच बंद पडली.

आणि वाचवायचं कुठे नाही, तेही टेक्सासनेच दाखवलं. डिसेंबर 2022 मध्ये हिमवादळानंतर साउथवेस्टच्या जवळपास 17 हजार फेऱ्या रद्द झाल्या. वादळ ओसरल्यावर इतर कंपन्या लवकर सावरल्या. यांची मात्र कोणता पायलट कुठे आहे हे जुळवणारी जुनी संगणक व्यवस्था कोलमडली होती. इतकी वर्षं मिनिटं मोजणाऱ्या कंपनीने नेमका तिथेच खर्च लांबवला होता. तुझ्या खर्चाच्या पानावर क्रू-नियोजनाच्या सॉफ्टवेअरसमोर ‘नंतर’ लिहिलं आहे. ते खोड आणि आकडा लिही.

रविवारी येताना एक कागद करून आण. चॉक लागल्यापासून चॉक निघेपर्यंत प्रत्येक मिनिटाला कोण काय करतो आहे, माणसाच्या हुद्द्यासकट. आणि जळगावला, नांदेडला तुझ्या फेरीच्या वेळी इंधन मिळेल का, हे आधी विचारून ठेव. मिळणार नसेल तर परतीचं इंधन मुंबईहूनच भरून न्यावं लागेल, वजन वाढेल, काही सीट रिकाम्या ठेवाव्या लागतील, आणि मी वर मांडलेला हिशेब आपल्याला पहिल्यापासून करावा लागेल.

तुझा,
काका